हिरव्या बिल्ल्याच्या नलिनीताई

नलिनीताई चुरी यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्यावर चिडलो म्हणून. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण संपादकांनी "मनापासून लिहा" अशी अट घातली आहे, आणि मनापासून लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

घोडबंदरहून वरसाव्याकडे जाताना खाडीच्या अंगाला एक अरुंद रस्ता उतरतो. त्याच्या टोकाशी आमची संस्था आहे. विस्मरणाचा आजार जडलेल्या वृद्धांचं हे निवासस्थान. कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण रिक्षावाले 'खाडीवरचं घर' म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. माझी एक मावशी तिथे राहत होती. तिला भेटायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं. मी आत शिरलो, अंगण ओलांडलं, स्वयंपाकघरात डोकावलो, जिना चढलो आणि थेट मावशीच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो. "आपण कोण?" असं मला कुणीही विचारलं नाही. माझी सारी हयात मुंबईतल्या एका कंपनीच्या सुरक्षा विभागात गेलेली. बिल्ला नव्हता म्हणून मी साक्षात मालकांच्या मेव्हण्यांना लिफ्टपाशी थोपवून धरलं होतं. माझं डोकं फिरलं. खाली येऊन कार्यालयात बसलेल्या बाईंना मी बरंच सुनावलं. उद्या चोर शिरला तर? कुणी एखाद्या आजींच्या बांगड्या काढून नेल्या तर? कुणी गोड बोलून घराच्या कागदांवर अंगठा उठवून घेतला तर?

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर बोलताय तुम्ही. मग कधीपासून येताय?"

"कुठे?"

"इथे. फाटक सांभाळायला. तुम्ही निवृत्त झालात असं तुमच्या मावशी सांगत होत्या. कधी कधी त्या म्हणतात की तुम्ही तिसरीत आहात. पण मी निवृत्तीवर विश्वास ठेवला."

अशा रीतीने भाईंदर पश्चिमेतल्या सोसायटीत दिवसभर बसून बायकोला नकोसा झालेला मी, नलिनीताईंचा सहकारी झालो. पुढे मावशी गेली. मी मात्र राहिलो.

नलिनीताई यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण करताहेत आणि संचालिकेच्या खुर्चीवरून उठताहेत. त्यांच्यानंतर आमच्या फाटकाचं काय करायचं, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. चेहरा पाहून उघडणारं यंत्र बसवावं, भेटायला येणाऱ्यांना ते आत-बाहेर सोडेल, आणि इथे राहणाऱ्यांसाठी दार कायमचं बंद राहील, असा प्रस्ताव आलेला आहे. निर्णय अजून व्हायचा आहे. हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्यातले काही जण तो निर्णय घेणारे आहेत. तेव्हा मी इथे ताईंची थोरवी गातोय असं वाटलं, तरी खरं म्हणजे मी एका फाटकाची वकिली करतोय. ताईंना ते चालेल. हार-तुऱ्यांपेक्षा जास्त आवडेल.

तर, पहिले बिल्ले. मी माझ्या परीनं झकास बिल्ले तयार करून घेतले होते. प्लास्टिकचे, पिवळे, लाल फितीचे, त्यांवर क्रमांक आणि बारीक अक्षरांत 'अभ्यागत'. येताना घ्यायचा, गळ्यात घालायचा, जाताना परत करायचा. ताईंनी एक बिल्ला हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"हे वाचायचं कुणी?"

"वॉचमननं."

"त्याला कशाला हवंय? त्याला दिसतंय की समोर माणूस उभाय. वाचता माझ्या माणसांना आलं पाहिजे. समोर कोण आलंय, हे त्यांना कळत नाही हो."

आणि त्यांनी माझे झकास बिल्ले उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानं, ठसठशीत अक्षरांत लिहायला सुरुवात केली. तेही नुसतं नाव नाही. आतला माणूस येणाऱ्याला ज्या नावानं हाक मारत आला, ते नाव. 'मोठी सून.' 'बंड्या.' 'पमीचा नवरा.' 'वरच्या मजल्यावरच्या वहिनी.' मोठ्या बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ छातीवर 'ढब्ब्या' असा बिल्ला लावून अंगणात फिरताना मी पाहिले आहेत. ते आधी नाराज होते. मग त्यांच्या आईंनी बिल्ला वाचला, वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "ढब्ब्या, जेवलास का रे?" त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही. एका आजींनी तर 'मोठी सून' हे शब्द वाचल्या वाचल्या समोरच्या बाईंना चहा टाकायला पिटाळलं. त्या बाईसुद्धा डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या आणि खरोखर चहा टाकून आल्या. सुरक्षेसाठी आणलेली वस्तू ताईंनी ओळख पटवायला वापरली, आणि गंमत म्हणजे सुरक्षाही आपोआप झाली. ज्याला स्वतःचं घरातलं नाव सांगता येत नाही, तो घरचा नव्हे. इतका पक्का पुरावा माझ्या सबंध नोकरीत मला मिळाला नव्हता.

आमच्या अंगणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुपार कलली की खाडीवरून वारा सुटतो. तिवरांचा आणि चिखलाचा वास येतो, पुलावरच्या गाड्यांचा आवाज दुरून आल्यासारखा ऐकू येतो, आणि बाकांवर बसलेली आमची माणसं हळूहळू आपापल्या गावी निघून जातात. जागेवरून कुणी उठत नाही. पण एक जण मिठागरावर पोचलेला असतो, कुणी लग्नाआधीच्या माहेरी, कुणी पोराला शाळेतून आणायला निघालेली. त्या वेळी अंगणात उभं राहिलं की आपण नेमके कोणत्या सालात आहोत, याची मलाही खात्री वाटेनाशी होते. नलिनीताई मात्र त्यांच्यामधून अलगद चालत जातात. कुणाचं साल दुरुस्त करत नाहीत. "पोरगा सुटला का शाळेतून?" असं विचारतात आणि पुढे सरकतात. त्या जुन्या भाईंदरातच वाढल्या, मुंबईच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली, आणि एवढी वर्षं आजारी माणसं पाहूनही त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. माझा दिवसातून दोनदा चढतो.

त्यांच्या मायेचं एकच उदाहरण देतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या काम आटोपून रिक्षानं आमच्या घरी येत आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखवत. अग्रलेख गाळून. "ते डोळे बरे झाल्यावर तुमचे तुम्ही वाचा, मला झोप येते," म्हणत. त्याच काळात फाटकावर बसून बिल्लेही त्याच देत होत्या. मी परत गेलो तेव्हा बिल्ले टांगायच्या माझ्या खिळ्यांवरची सगळी मांडणी त्यांनी उधळून टाकलेली होती आणि फिती एकमेकींत गुंतल्या होत्या. त्याबद्दल मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही.

आता देवजीबाबांची गोष्ट.

देवजीबाबा कोळीवाड्यातले. उभा जन्म होडीवर गेलेला, मोठं मानाचं माणूस. त्यांचे धाकटे चिरंजीव नोकरदार, दर रविवारी न चुकता येणारे. त्यांच्या बिल्ल्यावर 'धाकला' असं होतं, आणि बाबांना वाचता येत नसे म्हणून ताईंनी शेजारी एक छोटी होडी काढून दिली होती. त्या रविवारी धाकल्यानं वडिलांची दाढी केली, नवा पांढरा सदरा घातला आणि पायाशी बसून नखं काढायला घेतली. वाकलं की गळ्यातला बिल्ला मध्ये मध्ये येई. म्हणून त्यानं तो काढून कौतुकानं वडिलांच्या गळ्यात घातला. नखं काढून झाली आणि तो हात धुवायला आत गेला.

देवजीबाबा उठले. स्वच्छ सदरा, गुळगुळीत दाढी, गळ्यात बिल्ला. फाटकापाशी आले. पहारेकरी त्याच आठवड्यात कामावर लागलेला. बाबांनी गळ्यातून बिल्ला काढला, नीट त्याच्या हातात दिला, हात जोडले आणि म्हणाले, "येतो."

"ठीक है, बाबूजी," पहारेकरी म्हणाला आणि फाटक उघडलं.

थोड्या वेळानं धाकला धावत फाटकाशी आला. पहारेकऱ्यानं त्याला अडवलं. "बिल्ला?"

"अरे, माझा बिल्ला बाबांकडे आहे. बाबा कुठे गेले?"

"बिल्ला नहीं तो बाहर नहीं जा सकते, दादा."

"अहो, मी इथे राहत नाही! मी भेटायला आलोय!"

"यहाँ सब यही बोलते हैं," पहारेकरी समजुतीच्या सुरात म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाकाकडे वळवू लागला.

आज हसू येतं. तेव्हा सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. वर हमरस्ता, त्यावर कंटेनरच्या रांगा. खाली खाडी, आणि भरतीची वेळ. मी पहारेकऱ्यावर ओरडलो. तो बिचारा पुन्हा पुन्हा तो पिवळा बिल्ला दाखवत होता, "साहब, बिल्ला तो दिया ना उन्होंने!" त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं. बिल्ला परत देणाऱ्याला बाहेर सोडायचं, हाच नियम होता.

नलिनीताईंनी धाकल्याला एवढंच विचारलं, "आज बोलत काय होते?"

"काय बोलणार, ताई. होडीचंच. नेहमीचंच ते."

आम्ही खाडीकडे उतरलो. चिखलाच्या कडेला कुणाचीतरी जुनी होडी पालथी घातलेली होती, तिला टेकून देवजीबाबा बसले होते. उन्हं उतरली होती, पाणी चढत होतं आणि सगळं इतकं निवांत होतं की आपण त्यांना शोधत होतो हेच क्षणभर खोटं वाटलं. धाकला धावणार, तोच ताईंनी त्याचा हात धरला. "थांब जरा. बसू दे त्यांना." त्या स्वतः जाऊन बाबांशेजारी बसल्या. चिखलात, चांगल्या साडीनिशी.

"भरती लागली हाय," बाबा म्हणाले.

"लागली," ताई म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं बाबा आपणहून म्हणाले, "तो बिल्ला दिला मी त्याला. लोकाची वस्तू हाय. ठेवाची न्हाय आपन."

पाणी फिरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. पाणी उतरू लागलं तसे बाबा हात झटकून उठले, "आता काय न्हाय, उद्या बगू," म्हणाले आणि लेकाचा हात धरून घरी आले. वाटेत ताई आमच्या मागे रेंगाळत चालत होत्या. मला वाटलं, त्या घाबरल्या आहेत.

विश्वस्तांची तातडीची बैठक भरली. एकानं पहारेकऱ्याला काढायला सांगितलं. दुसऱ्यानं फाटकाला कुलूप आणि कुंपणावर जाळी सुचवली. तिसऱ्यांनी निवाशांच्या मनगटावर न निघणारा पट्टा बांधायची कल्पना मांडली, आणि सुरक्षेतला जाणकार म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावणार होतो. तेवढ्यात ताई बोलू लागल्या.

"देवजीबाबांना मुलाचं नाव आठवत नाही. बायको गेलेली आठवत नाही. पण लोकांची वस्तू परत द्यायची असते, हे आठवतं. ही सगळी माणसं त्याच वळणाची आहेत. शेजारून साखर आणली तर वाटी परत करायची, आणि रिकामी करायची नाही. हे त्यांच्या डोक्यात नाहीये, हाडात आहे. बाकी सगळं विसरलं, तरी ते सगळ्यात शेवटी जाणार. मग आपण उलटं करू या. बाहेर जाताना आपण त्यांना बिल्ला देऊ. उसना."

कुणाला काही समजलं नाही. मी तर कपाळावर हात मारला. पण त्यांची योजना साधी होती. 'येतो' म्हणून फाटकाशी आलेल्या कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही. त्याच्या गळ्यात एक हिरवा बिल्ला घालायचा, मागे संस्थेचा पत्ता आणि फोन, आणि हात जोडून सांगायचं, "परत आणून द्या हं, आमचा आहे." आणि तसाच हिरवा बिल्ला गळ्यात घालून आमच्यातलं कुणीतरी पाठोपाठ चालायचं. अडवायचं नाही, ओढायचं नाही, बरोबर असायचं.

"आणि कुणी हरवलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर त्या दिवशी मी राजीनामा देईन. आणि फाटकावरच्या या मुलाची नोकरी जाणार असेल, तर आजच देते. तुम्ही सांगितलेलंच त्यानं केलं."

थोडे दिवस करून पाहा, असं ठरलं. तो पहारेकरी अजून आमच्याकडे आहे. आता तो मराठीतून ओरडतो.

हिरवा बिल्ला चालला. दर वेळी चालतो असं म्हणणार नाही. बिल्ला विसरणारेही आहेत, म्हणून तर बरोबर माणूस असतो. पण कितीतरी जण खाडीपाशी, नाक्यापाशी, टपरीपाशी पोचतात, गळ्याशी हात जातो, आणि चेहऱ्यावर एक जबाबदारी येते. "अगो बाई, हे द्यायचंय त्यांचं," म्हणत पावलं मागे वळतात. एका आजींनी बिल्ला भाडं म्हणून रिक्षावाल्याच्या हातात ठेवला. त्यानं रिक्षा वळवली, आजींना आणि बिल्ल्याला दारात आणून सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. नाक्यावरच्या मासळीवाल्या मावश्याही आता हिरवी फीत दिसली की "बसा, आजी, चा घ्या," म्हणून पाटावर जागा करतात. आणि वाटी रिकामी परत करायची नाही, हेही ताईंचं खरं ठरलं. बिल्ल्याबरोबर शंख येतात, जास्वंदीची फुलं येतात. देवजीबाबांनी एकदा पहारेकऱ्याला बिल्ला आणि नांग्या हलवणारी एक जिवंत चिंबोरी एकदम दिली. तो शाकाहारी आहे. फार मोठा गोंधळ झाला.

बाबा गेल्या वर्षी गेले, आपल्या खाटेवर, झोपेत. पण तोवर जवळजवळ रोज भरती पाहून आले. धाकला अजूनही रविवारी येतो आणि ज्यांच्याकडे कुणी येत नाही त्यांच्याबरोबर हिरवा बिल्ला घालून खाडीपर्यंत जातो.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राबद्दल मी जास्त बोलत नाही. कंपन्यांत ते उत्तमच आहे, माझ्या हातात असतं तर मीही बसवलं असतं. पण इथे आमच्या माणसांची सगळी अडचण चेहरे ओळखण्याचीच आहे. येणाऱ्यांसाठी यंत्र बसवायचं तर बसवावं, माझं काही म्हणणं नाही. आतल्यांसाठी दार बंद करू नये, एवढंच.

आता एक गोष्ट, ताईंच्या परवानगीनं. मागच्या महिन्यात आम्ही दोघं वरच्या मजल्यावर पंखे पाहत फिरत होतो. कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीच्या खिडकीशी त्या थांबल्या. तिथून खाडी दिसते.

"ही खोली माझ्यासाठी लक्षात ठेवा," म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माझी आजी अशीच गेली. आईही. माझ्या वाट्याला काय येऊ शकतं, ते मला ठाऊक आहे. आज मला सगळं नीट आठवतंय. म्हणून आजच सांगून ठेवतेय." मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "मला कोंडू नका हो."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं मी एवढंच ऐकलं. हे लेखात लिहू का, असं दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिहा. सगळ्यांना कळू दे."

तर विश्वस्तहो, कळवलं आहे.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातला दिवस न् दिवस तुमचा तुम्हाला आठवत राहो. ती कोपऱ्यातली खोली तुम्हाला कधी लागू नये, शंभरीलाही तुम्ही आमच्या फिती गुंतवायला येत राहाव्यात, हीच खाडीवरच्या घराची प्रार्थना आहे. आणि ती कधी लागलीच, तर काळजी करू नका. एखाद्या दुपारी तुम्ही फाटकाशी याल, "निघते मी, आई वाट बघत असेल," म्हणाल. तेव्हा कुणीही तुम्हाला कोणतं साल चालू आहे ते सांगणार नाही. मी असलो तर मीच उठेन, चपला घालेन, फाटक उघडेन आणि विचारेन, "चला, ताई. कोणत्या रस्त्यानं जायचं?"